जंबुऱ्याची पाटी

गावातल्या निम्म्या दुकानांची नावं ज्याच्या हाताने लिहिली गेली, त्याचं स्वतःचं नाव मात्र कुणाच्या लक्षात नव्हतं. तोंडावर सगळे त्याला पेंटर म्हणत आणि पाठीमागे ओळंबा. भिंत सरळ उभी राहतेय का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हे नाव पडलं ते त्याच्या एका खोडीमुळे. कुणाच्याही घरी गेला, की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी तो भिंतीवरची तसबीर सरळ करायचा. मग ती यजमानांच्या आईची असो, नाहीतर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरावरच्या मांजराची. एकदा दाताच्या डॉक्टरकडे आ वासून पडलेला असताना त्याने हाताने खुणा करून भिंतीवरचं प्रमाणपत्र सरळ करायला लावलं होतं. डॉक्टरने बिचाऱ्याने दाढ तशीच ठेवून ते केलंही होतं.

माणूस नाकासमोर चालणारा. कामाचा वायदा चुकवायचा नाही, रंग पातळ करायचा नाही, आणि पाटीवर चुकीचा शब्द लिहायचा नाही, मग गिऱ्हाईक रुसलं तरी बेहत्तर. घड्याळवाल्याने 'दुरूस्ती' असं लिहून दिलं आणि पेंटरने 'दुरुस्ती' रंगवलं, यावरून दोघांचं दोन महिने बोलणं बंद होतं. शेवटी घड्याळवालाच नमला, कारण पेंटरच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं आणि ते बंद लटकलेलं घड्याळवाल्यालाच बघवेना.

पेंटरला काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या उस्तादांनी. त्यांचा एक नियम होता: अक्षर दाबायचं नाही. माणसाला आणि अक्षराला श्वास घ्यायला जागा लागते. मजकूर पाटीत मावत नसेल, तर अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढवायची नाहीत, गिऱ्हाइकाला विचारून मजकूर कमी करायचा. यातला पहिला अर्धा भाग पेंटरने आयुष्यभर जपला. दुसऱ्या अर्ध्याचं काय झालं, त्याचीच ही गोष्ट आहे.

दुकानाच्या दाराशी एक वाकवलेली तार टांगलेली असायची. काम झालं की गिऱ्हाइकाने लिहून दिलेला कागद त्या तारेत टोचायचा, ही उस्तादांपासूनची पद्धत. कुणी तक्रार घेऊन आलं, की पेंटर न बोलता तारेतला कागद काढायचा आणि त्याच्यासमोर धरायचा. हे बघा, तुमचंच अक्षर. त्या तारेपुढे भले भले गप्प झाले होते. पुढे पुढे तर तक्रारच येईनाशी झाली. ओळंब्याने लिहिलंय म्हणजे तसंच दिलेलं असणार, असं लोक आपापसांत म्हणायला लागले. अशी पत मिळवायला माणसाचा जन्म जातो. ती वापरून खोटं बोलायला एक वाक्य पुरतं, हे पेंटरला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पेंटरला एकच मुलगी. लहानपणी ती बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर ओठांवर अडकून बसायचं आणि वर्गात हशा पिकायचा. शाळेत भाषा शिकवणाऱ्या बाई होत्या. उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. त्यांनी दोन वर्षं, रोज शाळा सुटल्यावर, त्या पोरीला हाताशी धरून गावातून फिरवलं आणि दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लावल्या. शिंप्याची, चष्मेवाल्याची, सायकलवाल्याची. "तुझ्या बाबांनी लिहिलंय ना, मग घाबरायचं कशाला?" असं त्या म्हणायच्या. सातवीत पोरगी भाषणाच्या स्पर्धेत पहिली आली. पेंटर बाईंकडे आभार मानायला गेला आणि शब्द न सापडल्यामुळे त्यांच्या बैठकीतली तसबीर सरळ करून परत आला. बाई नंतर बरेच दिवस हसत होत्या.

या बाईंना जुन्या शब्दांचा नाद होता. कुठे जुनं कागदपत्र वाचलं, कुणा म्हाताऱ्याच्या तोंडून काही ऐकलं, की शब्द चिठ्ठीवर लिहायचा, अर्थ लिहायचा, कुठे मिळाला ते लिहायचं आणि चिठ्ठी चपलांच्या रिकाम्या खोक्यात टाकायची. निवृत्त झाल्या तेव्हा अशी एकवीस खोकी भरली होती. आता बसून शब्दांचं पुस्तक करणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

त्याच सुमाराला गावातल्या जुन्या कोठारात संग्रहालय करायचं ठरलं. चाळीस पाट्यांचं काम पेंटरला मिळालं. सुताराने एकाच मापाच्या चाळीस फळ्या कापून दिल्या, पेंटरने त्यांना गडद हिरवं अस्तर दिलं, खडूच्या दोरीने प्रत्येकीवर सहा-सहा ओळी आखल्या. एकोणचाळीस पाट्यांचा मजकूर कार्यालयातून टाईप होऊन आला, सगळे सहा ओळींच्या हिशोबाने. राहिली ती सतरावी. शेवटच्या खोलीत एक लहानशी तोफ होती, कमरेइतकीही उंच नाही. जुन्या यादीत तिच्यापुढे 'जंबुरा' एवढाच शब्द होता. या शब्दाचा अर्थ कार्यालयात कुणालाच सांगता येईना, म्हणून बाईंना विचारलं गेलं. बाईंनी पंधरा दिवस घेतले आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी एक कागद पाठवला. हाताने लिहिलेला, पुरत्या नऊ ओळींचा.

त्यात लिहिलं होतं: "जंबुरा. उंटाच्या पाठीवर बसवून डागायची लहान तोफ. जंबू नावाच्या ओताऱ्याने ती पहिल्यांदा ओतली, म्हणून तिला हे नाव पडले, असे गावात सांगतात; परंतु त्याला कसलाही आधार नाही. फारसी भाषेत जंबूर म्हणजे गांधीलमाशी. या तोफेचे नाव तिच्यावरून आले. ती आकाराने लहान असून डसते म्हणून, की तिचा गोळा घोंघावत जातो म्हणून, ते निश्चित सांगता येत नाही." आणि खाली, माहिती देणाऱ्या म्हणून, बाईंचं नाव.

पेंटरने अक्षरं मोजली. पुन्हा मोजली. अक्षर बारीक केलं तर ही एक पाटी बाकीच्या एकोणचाळीसांत भिकाऱ्यासारखी दिसली असती. बाई राहायच्या गावाच्या दुसऱ्या टोकाला. सायकलवर वीस मिनिटं. जाऊन विचारता आलं असतं, पण तीन पाट्यांची किनार अजून ओली होती आणि सकाळी पाहुणे यायचे होते. पेंटर कागदाकडे बघत बसला.

खरं सांगायचं, तर वेळ हे निमित्त होतं. त्याला तो जंबू ओतारी आवडला होता. भट्टीपुढे घाम गाळणारा, हाताने काम करणारा माणूस, आणि त्याचं नाव वस्तूला मिळालेलं! उस्तादांनी पन्नास वर्षं गावाला अक्षरं दिली, त्यांचं नाव कुठे होतं? पेंटरचं तरी कुठे होतं? पाटीच्या कोपऱ्यात मुंगीएवढी सही, तीही गिऱ्हाईक चालवून घेईल तर. त्या मानाने ती गांधीलमाशी आणि ते निश्चित सांगता येत नाही वगैरे म्हणजे त्याला शेपूट वाटलं. शेपूट कापलं तर जनावर मरत नाही, असा त्याने स्वतःशी हिशोब केला. 'म्हणून तिला हे नाव पडले' इथे त्याने पूर्णविराम दिला. सहावी ओळ बाईंच्या नावाची. मजकूर असा मोजून मापून बसला, की पेंटर दोन पावलं मागे सरकून स्वतःवरच खूश झाला. चाळीसांत तीच पाटी सगळ्यात देखणी झाली होती.

उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवशी संग्रहालयाचा कारकून दुकानात आला. बाई शेवटच्या खोलीत उभ्या आहेत, तो म्हणाला, आणि पाटीवर त्यांचा मजकूर पुरता नाही म्हणताहेत. साहेबांनी विचारायला पाठवलंय. कागदावर आणखी काही होतं का?

दुकानात तेव्हा तीन माणसं होती आणि त्यातला एक घड्याळवाला होता. मजकूर न विचारता बदलला म्हणून पेंटरला बोल लावायची संधी तो कितीतरी वर्षं शोधत होता. तार दाराशीच लटकत होती. बाईंचा कागद सगळ्यात वर होता, आणि कारकुनाचा खांदा त्याला जवळजवळ लागत होता. हात लांबवला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. फार तर घड्याळवाला चार दिवस हसला असता.

"नाही," पेंटर म्हणाला. "दिलं तेवढंच लिहिलं."

कारकुनाने मान डोलावली आणि गेला. कागद दाखवा, असं तो म्हणाला नाही. ओळंब्याकडे कोण कागद मागणार?

दुकानातली माणसं गेल्यावर पेंटरने तारेतून तो कागद काढला. संध्याकाळी बाईंकडे जाऊन खरं सांगायचं, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी ठरवलं की उद्या जाऊ. उद्या पाऊल उचललं गेलं नाही. आठवड्याने परगावच्या एका विद्वानाचं पत्र वर्तमानपत्रात आलं. त्याने पाटीची यथेच्छ टर उडवली होती. शब्दाचा अर्थ न शोधता गावगप्पा लिहून खाली सही ठोकणाऱ्या शिक्षिकेच्या हातून किती पिढ्या गेल्या असतील, अशी हळहळही व्यक्त केली होती. संग्रहालयाच्या समितीने बाईंना पुढच्या बैठकीचं बोलावणं पाठवलं नाही. पाटी मात्र तशीच राहिली, कारण ती दिसायला फार छान होती आणि लोकांना जंबूची गोष्ट आवडत होती. पेंटरने कागदाची घडी केली आणि ब्रशांच्या पेटीत, तळाशी अंथरलेल्या रेक्झिनखाली सरकवली. मग गप्प बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ झाकून ठेवताना बोटं किती दुखतात हे कुणी सांगत नाही.

बाई रस्त्यात दिसायच्या. आधी तो दुसऱ्या बाजूला जायचा, मग तो रस्ताच सोडला. बाई पूर्वी ताठ चालायच्या, त्या हळूहळू खाली बघून चालायला लागल्या, हे त्याने लांबूनच पाहिलं. त्यांचं शब्दांचं पुस्तक कधी निघालं नाही. मुलगी अधूनमधून त्यांना भेटून यायची आणि घरी येऊन सांगायची, की बाईंनी सगळी खोकी रद्दीत घातली, का ते सांगत नाहीत. असं काही सांगायला लागली की पेंटरला दुकानात काहीतरी विसरल्याचं आठवायचं.

आणि जंबू? जंबूचं काय विचारता! जो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता, त्याचं गावाने अगदी थाटात कौतुक केलं. संग्रहालयाचा पहारेकरी त्याच्या दाढीचं वर्णन करायला लागला. शाळेत त्याच्यावर नाटुकलं बसलं, आणि त्यात पेंटरच्या नातीनेच कापसाची दाढी लावून जंबूचं काम केलं. शेवटी नगरपालिकेने एका चौकाला त्याचं नाव दिलं. त्या चौकाची पाटी रंगवायला दुसरं कोण होतं? 'जंबू ओतारी चौक' ही अक्षरं पेंटरला आयुष्यात पहिल्यांदा पुसून पुन्हा लिहावी लागली. लोकांना वाटलं, वय झालं.

पुढे ते वयही खरंच झालं. बावीस वर्षं उलटली. ब्रश हातात ठरेना, तेव्हा दुकान मुलीने हातात घेतलं. तिने छपाईचं यंत्र आणलं, आणि पेंटर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून छापील मजकुरातल्या चुका काढायचं काम करायला लागला. ते तो अजूनही उत्तम करायचा.

एक दिवस मुलगी संग्रहालयाच्या चाळीसही जुन्या पाट्या टेम्पोतून घेऊन आली. सगळ्या नव्याने छापायच्या होत्या. जुन्या पाटीवरून मजकूर घ्यायचा, आणि जिथे बदल असेल तिथे कार्यालयाने लाल शाईने यादी दिली होती. तिने पाट्या भिंतीला लावून ठेवल्या आणि सतरावी हातात घेतली.

"बाबा, ही किती सुंदर लिहिली होती तुम्ही," ती म्हणाली. मग यादी बघून तिचा चेहरा उतरला. नव्या मॅडम आल्या आहेत, त्या शिकलेल्या आहेत, तिने सांगितलं. जंबूची गोष्ट खोटी आहे हे त्यांनी शोधून काढलंय. त्यांनी गांधीलमाशीचा अर्थ लिहून दिलाय. आणि बाईंचं नाव काढून टाकायला सांगितलंय, चुकीची माहिती देणाऱ्याचं नाव कशाला ठेवायचं म्हणून.

पेंटरला आधी सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, त्याला खरोखर तसं वाटलं. शब्द आपोआप दुरुस्त होत होता. हिरवी पाटी अडगळीत जाणार, बाईंचं नाव जाणार, आणि त्याच्याबरोबर त्याचं बावीस वर्षांचं ओझंही जाणार. कुणी काही विचारणार नव्हतं. त्याने फक्त नेहमीसारखं खुर्चीत बसून राहायचं होतं.

"मला एक कळत नाही," मुलगी पाटीवरची धूळ पुसत म्हणाली. "बाई आम्हाला एकेका शब्दासाठी तीन तीन पुस्तकं बघायला लावायच्या. त्यांनी असं कसं लिहिलं असेल? मी लोकांशी त्यांच्या बाजूने कितीदा भांडले. पण आतून मलाही वाटायचं, की बाई चुकल्या."

हे ऐकून पेंटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण बाईंचं नाव बुडवलं हे त्याला ठाऊक होतं. पण ज्या पोरीच्या जिभेची गाठ बाईंनी सोडवली, तिच्याही मनातून आपण बाईंना उतरवलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं तो एकाच खोलीत, तिच्याच ताटाशेजारी बसून जेवत होता.

तो उठला. ब्रशांची पेटी फळीवरून काढली. रेक्झिन तळाला चिकटून बसलं होतं, ते नखांनी उचकटावं लागलं. घडीवर कागद पिवळा पडला होता आणि मधोमध तारेचं भोक होतं. त्याने तो मुलीच्या हातात दिला आणि खाली बघत उभा राहिला.

तिने कागद वाचला, पाटी वाचली, पुन्हा कागद वाचला.

"कारकून विचारायला आला होता ना तेव्हा? तुम्ही आईला सांगत होता, मी ऐकलं होतं."

"आला होता."

"आणि हा तेव्हा कुठे होता?"

"तारेला."

मुलगी काहीतरी बोलायला गेली आणि पहिल्या अक्षरावर अडखळली. इतक्या वर्षांनी. पेंटरने ते ऐकलं आणि त्याला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. तिने थांबून श्वास घेतला, बाईंनी शिकवला होता तसा, आणि मग सावकाश म्हणाली, "आधी संग्रहालयात जा. मग बाईंकडे. मी बरोबर येणार नाही."

संग्रहालयाच्या नव्या मॅडम मुलीपेक्षाही लहान होत्या. त्यांनी काकांना खुर्ची दिली. पेंटरने उभ्यानेच सांगितलं, कापलं मी, आणि विचारल्यावर खोटं बोललो तेही मीच. शेजारच्या टेबलावरचे दोघे टाईप करायचे थांबले. आता रागावतील, आता बोलतील, म्हणून तो वाट बघत राहिला. मॅडमनी कागद दोनदा वाचला. अहो, यात तर आमच्यापेक्षा नीट लिहिलंय, त्या म्हणाल्या, हाच मजकूर छापू, बाईंच्या नावासकट. लाल शाईची ओळ त्यांनी खोडली आणि कागदाची एक प्रत काढून ठेवून घेतली. मग हसून म्हणाल्या, जुनी गोष्ट आहे काका, कशाला एवढं मनाला लावून घेता, आता फक्त त्या चौकाचं काय करायचं तेवढं सांगा. टेबलावरचे दोघेही हसले. पेंटरला वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

बाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना त्याने काय बोलायचं ते तीनदा मनात म्हटलं. दार बाईंनीच उघडलं. ब्याऐंशी वर्षांच्या, वाकलेल्या, पण आवाज तोच. "या पेंटर," त्या म्हणाल्या, जणू तो कालच येऊन गेला होता. "किती वर्षांनी. लेक बरी आहे ना?"

पेंटरची नजर सवयीने आधी अक्षरांवर गेली. दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. गॅस बंद. नळ बंद. किल्ली हातात. आणि प्रत्येकीखाली पुन्हा: परत बघ. कपाटावर, आरशावर, टेबलाच्या कडेवर, सगळीकडे तेच. बाई पाणी आणायला आत गेल्या आणि नळ बंद करून दोन पावलं आल्यावर परत मागे गेल्या, बघून आल्या. पुस्तकांच्या फळीवर आता औषधांचे डबे होते.

"हसू नका हं," त्या पेला देत म्हणाल्या. "म्हातारपणाचं नाही हे, फार जुनं आहे. मला माझाच भरवसा वाटत नाही. त्या तोफेच्या पाटीपासून. चार कच्चे खर्डे केले होते मी. त्यातल्या एकात नुसती गावातली गोष्ट होती. घाईत तोच पाठवला असणार. आणि मला आपलं वाटत राहिलं, की मी पुरता लिहून दिला होता. स्वच्छ आठवत होतं मला. जे स्वच्छ आठवतं तेच चुकीचं असेल, तर बाकीच्या चिठ्ठ्यांचा काय भरवसा? म्हणून ती खोकी टाकून दिली."

बाई आपल्यावर संतापल्या असतील, मनातून शिव्याशाप देत असतील, असं पेंटर बावीस वर्षं धरून चालला होता. त्या आपल्याला नव्हे, स्वतःलाच खोटं ठरवून बसल्या असतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने खिशातून कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

बाईंनी चष्मा पुसला. वाचताना त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं, ते 'परंतु' या शब्दापाशी थांबलं. तिथून पुढे त्यांनी फार हळू वाचलं. गांधीलमाशीपर्यंत आल्या तेव्हा त्यांचे ओठ हलत होते.

"म्हणजे मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"लिहिलं होतं बाई. पाटीत मावत नव्हतं. मी कापलं."

"आणि त्यांनी तुम्हाला विचारायला माणूस पाठवला होता."

"हो. मी म्हणालो, एवढंच होतं."

बाईंनी कागदावर हात ठेवला. पेंटरने माफी मागितली. आपण संग्रहालयात जाऊन सांगून आलो, नाव राहणार आहे, पुरता मजकूर छापणार आहेत, हेही सांगितलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच कळलं, की हे सगळं फार लहान आहे. एकवीस खोकी त्यात बसत नव्हती.

"रागवा बाई," तो शेवटी म्हणाला. "काहीतरी बोला."

"काय बोलू?" बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "त्या दिवशी त्या पाटीपुढे उभी होते ना मी, तेव्हा आधी वाटलं, यांनी मजकूर खाल्ला. मग अक्षर बघितलं. इतकं सरळ, इतकं नीट. मनात म्हटलं, असं लिहिणारा माणूस चुकायचा नाही. चूक माझीच असणार."

एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी केली आणि तो आपल्याजवळच ठेवला. बसा असं त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत. पेंटर उठला.

दाराजवळच्या भिंतीवर पूर्वी त्याने सरळ केलेली ती जुनी तसबीर अजून होती, पुन्हा वाकडी झालेली. त्याचा हात आपोआप वर गेला. बाई टेबलाशी बसून बघत होत्या. पेंटरने हात खाली घेतला, तसबीर होती तशीच ठेवली आणि दार हळूच लोटून जिना उतरला.